सिस्टर, तुम्हांला काय वाटतं?

गेल्या अंकात वृद्धांच्या पडण्याविषयी आणि खुब्याच्या अस्थिभंगाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एक पत्र गेले दहा दिवस माझ्या टेबलावर उघडेच आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या सासऱ्यांना अकरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. त्या लिहितात, "अकरा दिवसांत निदान नऊ डॉक्टर येऊन गेले. सगळे हुशार होते, बहुतेक जण नीट बोललेही. पण बाबांविषयी काही विचारायचे तर नेमके कुणाला विचारायचे, हे शेवटच्या दिवसापर्यंत कळले नाही. डॉक्टरांना एकत्र काम करायला कुणी शिकवते का? आणि शिकवत असतील, तर ते त्यांना आले की नाही, हे कुणी तपासते का?"

यातला पहिला प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. दुसरा प्रश्न मात्र प्रथमच कुणी विचारला. आजचा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला माझ्याच एका चुकीपासून सुरुवात केली पाहिजे.

एका आजींचे आठ दिवस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस वर्षे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ७८ वर्षांच्या एक आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत होता. मी चिठ्ठी लिहून दिली, रुग्णवाहिका बोलावली आणि त्यांना शहरातील रुग्णालयात पाठवले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आठव्या दिवशी त्या घरी परतल्या आणि नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला, "डॉक्टर, आई आम्हांला ओळखत नाही. ऑपरेशनचा डोक्यावर परिणाम झाला का?"

मी घरी गेले. आजी अर्धवट ग्लानीत होत्या. मध्येच चादर ओढत, मध्येच कैलासवासी यजमानांना हाका मारत. मी डिस्चार्ज कार्ड वाचले, घरच्यांना विचारले, मग रुग्णालयात दूरध्वनी करून एकेकाशी बोलले. दुपारपर्यंत सारे चित्र उभे राहिले.

तिसऱ्या रात्री आजींनी आरडाओरडा केला म्हणून रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिली होती. ती एका रात्रीपुरतीच द्यायची होती. पण कागदावर तसे नमूद नसल्यामुळे ती रोज दिली गेली आणि शेवटी औषधांच्या यादीतून घरीही आली. वेदनाशामक औषध तीव्र होते आणि त्याने सहा दिवस पोट साफ झाले नव्हते. हे वॉर्डातल्या मावशींना ठाऊक होते. त्यांनी सिस्टरना सांगितले, सिस्टरनी आपल्या वहीत नोंदवले. राउंडच्या वेळी ती वही कुणी उघडली नाही. फिजिओथेरपिस्टने कागदावर लिहिले होते, "रुग्ण सूचना पाळत नाही." आजींना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. त्यांचे श्रवणयंत्र रुग्णालयात हरवू नये म्हणून सुनेने ते घरीच कपाटात जपून ठेवले होते. जेवणाचे ताट रोज जसेच्या तसे परत जात होते, कारण शस्त्रक्रियेपूर्वी काढलेली कवळी रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी राहिली होती.

आजींना झाला होता तो डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणांनी अचानक उद्भवणारा बुद्धीचा गोंधळ. तो स्मृतिभ्रंशाहून निराळा असतो आणि कारणे वेळीच दूर केली तर बहुधा ओसरतो. येथे सारी कारणे कुणाला ना कुणाला ठाऊक होती. मावशींना एक, सिस्टरना दुसरे, सुनेला तिसरे. ती एका ठिकाणी कधी आलीच नाहीत.

आता माझी चूक. मी दिलेल्या चिठ्ठीची प्रत मुलाने जपून ठेवली होती. तीत दोन ओळी होत्या : "पडल्यामुळे डाव्या खुब्याचा अस्थिभंग असावा. रक्तदाबाचा विकार आहे. कृपया पुढील उपचार व्हावेत." वीस वर्षांच्या ओळखीतून मी रुग्णालयाला एवढेच दिले होते. आजींना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होते. आदल्या वर्षी साध्या तापात त्या दोन दिवस अशाच गोंधळल्या होत्या, हेही ठाऊक होते. ज्याला एकदा डिलिरियम झाला त्याला तो पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो. तेवढे एक वाक्य मी लिहिले असते, तर त्या रात्री कदाचित कुणी झोपेची गोळी देण्यापूर्वी थांबले असते.

झोपेची गोळी थांबवली, वेदनाशामक बदलले, पोट साफ केले, श्रवणयंत्र आणि कवळी जागच्या जागी आली, खाट खिडकीजवळ नेली. पाचव्या दिवशी आजींनी सुनेला विचारले, "दूध तापवलंस का?" मुलाने मला तेवढेच सांगायला दूरध्वनी केला. मात्र ज्या दिवसांत त्यांनी उभे राहून पावले टाकायची, ते दिवस अंथरुणात गेले होते. पायांतील शक्ती पूर्ववत झाली नाही. त्या वॉकर घेऊन ओटीवर येऊन बसत. घरापासून चारशे पावलांवरच्या देवळात मात्र त्या पुन्हा कधी चालत गेल्या नाहीत.

मी उत्तीर्ण झाले त्या परीक्षेत

त्या रात्री मी स्वतःलाच विचारले, हे मला कुणी शिकवले होते का? माझ्या एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेत 'लाँग केस' असे. एक रुग्ण, एक विद्यार्थी आणि सुमारे पाऊण तास. रुग्णाची सारी हकिकत ऐकायची, तपासायचे, निदान बांधायचे आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. पोटात प्लीहा हाताला लागते की नाही यावर आमचे भवितव्य ठरे. "या रुग्णाविषयी वॉर्डातल्या सिस्टर काय म्हणतात?" हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. उलट परीक्षा चालू असता सिस्टरना काही विचारणे म्हणजे लबाडीच. शेजाऱ्याला विचारणे म्हणजे कॉपी, हे आम्ही पहिलीपासून शिकत आलो होतो. आणि पदवी हाती पडली त्या दिवसापासून शेजाऱ्याला न विचारणे हाच दोष ठरू लागला.

तरुण माणसाचे आंत्रपुच्छ सुजले असेल तर एका कुशल शल्यचिकित्सकाच्या हातावर बरेचसे निभावते. वृद्धाचे तसे नसते. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी एकाच देहात नांदत असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. त्यात दृष्टी, श्रवण, दात, झोप, घरातले जिने, शौचालयापर्यंतचे अंतर, सोबतीला कोण आहे, या गोष्टींवर उपचाराचे यश अवलंबून असते, आणि यांतल्या निम्म्या गोष्टी डॉक्टरांपेक्षा इतरांनाच आधी कळतात.

वृद्धवैद्यकाचा उगमच या जाणिवेत आहे. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबखान्यातील ७१४ रुग्ण सोपवण्यात आले. त्यांतील बहुतेक वृद्ध वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले होते. डॉ. मार्जोरी वॉरेन यांनी त्या प्रत्येकाची नव्याने तपासणी केली आणि परिचारिका, व्यायामोपचार करणारे व समाजसेवक यांना बरोबर घेऊन प्रत्येकासाठी वेगळा आराखडा आखला. असाध्य ठरवलेले कितीतरी वृद्ध उठून चालू लागले आणि घरी गेले. हे यश अनेकांनी मिळून एका वृद्धाकडे पाहण्याचे होते. तेथून पुढे वृद्धांची सर्वांगीण तपासणी ही पद्धत रूढ झाली.

परीक्षा घ्यायची ती कशाची?

आता त्या भगिनींच्या प्रश्नाचे थेट उत्तर. होय, आता हे शिकवले जाते. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून भारतात एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पदवीधराने पाच भूमिका पार पाडाव्यात असे तेव्हा म्हटले होते : तो चिकित्सक असावा, आरोग्यसेवा देणाऱ्या संघाचा नेता आणि सदस्य असावा, त्याला संवाद साधता यावा, त्याने आयुष्यभर शिकत राहावे आणि व्यवसायाची निष्ठा पाळावी. दुसऱ्या भूमिकेतील 'आणि सदस्य' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. नेता व्हायला आम्हां डॉक्टरांना कुणी शिकवावे लागत नाही.

परंतु विद्यार्थी ज्याची परीक्षा असते तेच मनापासून शिकतात. त्यामुळे संघभावना गुणपत्रिकेत उतरवायची कशी, हा प्रश्न जगभरच्या वैद्यकीय शिक्षकांना पडला. 'मनमिळाऊ आहे' असा शेरा देऊन भागत नाही. डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असे वर्तन मोजावे लागते.

त्यासाठी एक जुनी चौकट कामी आली. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी लाँग केसच्या लहरीपणावर उपाय म्हणून 'ऑस्की' ही परीक्षापद्धती मांडली. विद्यार्थी एकामागून एक ठाण्यांवर जातो, प्रत्येक ठाण्यावर ठरावीक मिनिटांत ठरावीक काम करतो आणि परीक्षक आधीच तयार केलेल्या यादीवर गुण देतो. पुढे या ठाण्यावर एकट्या विद्यार्थ्याऐवजी संपूर्ण गट बसवण्याची कल्पना आली. कॅनडातील मॅकमास्टर आणि ओटावा येथील शिक्षकांनी अशा गटासाठी मोजपट्टी तयार केली. तिच्यात सहा गोष्टी पाहतात : संवाद, सहकार्य, आपली व इतरांची भूमिका ओळखणे, रुग्ण व कुटुंब यांना केंद्रस्थानी ठेवणे, मतभेद हाताळणे आणि संघ म्हणून चालणे. गुण संपूर्ण गटाला देता येतात आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणेही.

दुसरी एक परीक्षा रोजच्या वॉर्डातच घेता येते, ती म्हणजे पाळी बदलताना रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची. अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली एक चार पायऱ्यांची रीत यासाठी शिकवतात : आता काय घडते आहे, पूर्वपीठिका काय, मला काय वाटते आणि काय करावे. आमच्या आजींच्या बाबतीत तिसऱ्या रात्री कुणी असे म्हणायला हवे होते : "बारा नंबरच्या आजी आज रात्रीपासून गोंधळल्या आहेत. शस्त्रक्रियेचा तिसरा दिवस आहे, कानांना कमी ऐकू येते, यंत्र घरी आहे, आल्यापासून पोट साफ नाही. मला वाटते हा डिलिरियम आहे. आपण येऊन पाहाल का? तोवर झोपेचे औषध देऊ नये असे माझे मत आहे." हे बोलायला अर्धा मिनिट पुरतो.

परीक्षेच्या खोलीत

वर सांगितलेला प्रसंग घडून गेल्यानंतर काही वर्षांनी एका वैद्यकीय महाविद्यालयाने वृद्धसेवेच्या अशाच एका सांघिक परीक्षेसाठी गावातील आम्हां काही कुटुंबवैद्यांना परीक्षक म्हणून बोलावले. त्या दुपारी जे पाहिले ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

खोलीत चार विद्यार्थी : एक आंतरवासी डॉक्टर, म्हणजे इंटर्न, एक नर्सिंगची विद्यार्थिनी, एक फिजिओथेरपीचा आणि एक औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी. रुग्णाची भूमिका एका निवृत्त शिक्षिकेने केली होती. न्यूमोनियातून बऱ्या झालेल्या, मधुमेही, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या ८० वर्षांच्या बाई. इमारतीला उद्वाहक नाही. पंधरा मिनिटांत या बाईंना घरी पाठवण्याचा आराखडा करायचा होता. खुबी अशी की प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती वेगळी चिठ्ठी होती आणि तीतली माहिती इतरांना नव्हती. नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या चिठ्ठीत लिहिले होते, "बाई इन्सुलिन स्वतःच टोचून घेतात, पण सिरिंजवरच्या रेघा त्यांना आता दिसत नाहीत."

पहिल्या गटातला इंटर्न अतिशय हुशार होता. न्यूमोनिया, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, पुढच्या भेटीची तारीख, सारे त्याने धडाधड मांडले. नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, त्यांचं इन्सुलिन..." तो म्हणाला, "हो, डोस तोच ठेवायचा." थोड्या वेळाने तिने पुन्हा तोंड उघडले. तो लिहिता लिहिता "एक मिनिट" म्हणाला. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. तीन मिनिटे हाताशी असतानाच आराखडा तयार झाला. कागदावर त्यात खोड काढायला जागा नव्हती. पण तो आराखडा घेऊन बाई घरी गेल्या असत्या, तर एखाद्या रात्री दुप्पट इन्सुलिन टोचून दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दारामागे बेशुद्ध पडल्या असत्या.

दुसऱ्या गटातली इंटर्न अडखळत बोलणारी होती. प्रतिजैविक आणखी किती दिवस द्यायचे ते तिला आठवेना. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगितले, तिने आभार मानून लिहून घेतले. आरंभीच ती म्हणाली होती, "आधी प्रत्येकाला यांच्याविषयी काय माहीत आहे ते सांगू या." फिजिओथेरपीच्या मुलाने जिन्याचा प्रश्न काढला. मग ती शेजारी वळली, "सिस्टर, तुम्हांला काय वाटतं? तुम्ही गप्पच आहात." आणि सिरिंजवरच्या रेघांची गोष्ट बाहेर आली. त्यानंतर ती बाईंकडे वळून म्हणाली, "आजी, तुमच्याकडे रोज सकाळी कोण येऊ शकेल?" आराखडा पुरा व्हायच्या आतच घंटा वाजली.

मागच्या खोलीत आम्हां परीक्षकांत चांगलाच वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पहिल्या मुलाचे वैद्यकीय ज्ञान उघडपणे अधिक आहे. त्याला कमी गुण कसे द्यायचे?" दुसऱ्या म्हणाल्या, "आणि जी मुलगी तिसऱ्यांदा बोललीच नाही, तिचे काय? रुग्णाचा जीव धोक्यात असताना गप्प बसणे हाही दोषच." दोघांचेही म्हणणे खरे होते. शेवटी आम्ही रुग्णाची भूमिका करणाऱ्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "पहिल्या गटात मला घरी जायचं आहे की नाही, हेच कुणी विचारलं नाही." आम्हां तिघांपैकी कुणीच ही गोष्ट टिपून घेतली नव्हती.

गुण दिल्यानंतर विद्यार्थ्यांशी बोलायचे असते. माझ्या मते त्या दुपारचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला आम्ही सांगितले की अर्धे वाक्य टाकून थांबू नये. "सर, मला रुग्णाच्या सुरक्षिततेची काळजी वाटते, एक मिनिट ऐका," असे स्पष्ट म्हणावे. इंटर्नला काही सांगण्याआधी त्याच्या हाती आम्ही तिची चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मला वाटलं, सगळं मलाच आलं पाहिजे. म्हणून मीच बोलत राहिलो." मला माझी दोन ओळींची चिठ्ठी आठवली. त्याला आजवर आम्ही जे शिकवले, तेच तो करत होता.

या परीक्षेच्या मर्यादा

वाचकहो, एका दुपारच्या परीक्षेने माणूस कळतो असा माझा दावा नाही. परीक्षक समोर बसले की कुणीही "सिस्टर, तुम्हांला काय वाटतं?" असे विचारील. रात्री तीन वाजता, सलग चोवीस तास काम झाल्यावर तो तसेच विचारील का, हा खरा प्रश्न. शिवाय एकाच प्रसंगावरून केलेले मूल्यमापन फसवे असते. गटातले इतर कसे होते, रुग्ण कोणता होता, यावर बरेच ठरते.

म्हणून अनेक ठिकाणी या परीक्षेला दुसऱ्या पद्धतीची जोड देतात. प्रशिक्षणार्थी डॉक्टराविषयी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या परिचारिका, सहकारी, वरिष्ठ आणि काही वेळा रुग्ण व नातेवाईक यांच्याकडून छोटी प्रश्नावली भरून घेतात. हाक मारल्यावर येतो का? चूक दाखवली तर ऐकतो का? पाळी संपताना रुग्णांची माहिती नीट देतो का? उत्तरे नावानिशी न देता एकत्र करून त्याला दाखवतात. हे निनावी असावे लागते, अन्यथा वॉर्डातली कोणती सिस्टर उद्याच्या डॉक्टराविषयी खरे लिहील? शिवाय मते अनेकांची हवीत, म्हणजे एखाद्याचा राग वा लोभ त्यात विरून जातो. आणि ते वर्षातून अनेकदा हवे, म्हणजे सुधारायला अवसर मिळतो. आपल्याकडे आंतरवासितेचे बारा महिने याला अतिशय योग्य आहेत. मावशींचे मतही विचारात घ्यावे, अशी माझी स्वतःची आग्रहाची सूचना आहे.

"एवढा खटाटोप करून रुग्णाला काय लाभ?" असे कुणी विचारील. अमेरिकेतील येल येथे ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटासाठी डॉक्टर, परिचारिका, प्रशिक्षित स्वयंसेवक अशा अनेकांनी मिळून साध्या गोष्टी पाळल्या : चष्मा व श्रवणयंत्र वापरायला देणे, वेळेवर पाणी पाजणे, दिवसातून अनेकदा उठवून चालवणे, आज कोणता वार आहे ते सांगत राहणे, रात्री झोपेच्या गोळीऐवजी ऊन पेय आणि पाठीला मालिश. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. या गटात ९.९ टक्के. त्यात नवे औषध एकही नव्हते.

तुमच्या हाती काय आहे?

रुग्णालयात तुमच्या आईवडिलांभोवती जो संघ काम करतो, त्याचे तुम्हीही सदस्य आहात. तेव्हा काही गोष्टी घरीच तयार ठेवा.

पहिली, एक पानाची माहिती. चालू असलेली सर्व औषधे मात्रेसह, कोणत्या औषधाची ॲलर्जी, ऐकू व दिसण्याची स्थिती, कवळी, पूर्वी कधी गोंधळलेपण आले होते का, आणि आजारापूर्वी माणूस काय काय स्वतः करत असे. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. "आई परवापर्यंत भाजी आणायला जात होती," हे वाक्य ऐकल्यावर कुणीही डॉक्टर तिच्या ग्लानीला 'वयोमानाने' म्हणून सोडून देणार नाही. हे पान तुमच्या कुटुंबवैद्याकडून तपासून घ्या. मी माझ्या साठीपुढील सर्व रुग्णांना आता असे पान देते.

दुसरी, चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी रुग्णालयात बरोबर न्या. नाव लिहिलेल्या डबीत ठेवा, पण न्या. हरवण्याच्या भीतीने ती कपाटात ठेवली, तर हरवते ते माणूस.

तिसरी, दाखल झाल्यावर पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारा, "यांच्याविषयी सगळी माहिती एकत्र कोणाकडे असेल?" ते नाव लिहून ठेवा. तुम्हांला जाणवलेला बदल सिस्टरना सांगा आणि "हे डॉक्टरांपर्यंत कसे पोचेल?" असेही विचारा.

चौथी, घरी सोडताना प्रत्येक औषधाविषयी विचारा : हे जुने की नवे, आणि किती दिवस? रुग्णालयात नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी असेल तर तिच्याविषयी आवर्जून विचारा. मात्र वर्षानुवर्षे घेत असलेली झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका. तेही धोक्याचे असते.

पाचवी गोष्ट थोडी वेगळी. रुग्णालय सोडताना अभिप्रायाचा कागद मिळाला, तर 'सेवा चांगली' एवढेच लिहून देऊ नका. ज्या शिकाऊ डॉक्टराने सिस्टरचे ऐकले, तुमच्या वडिलांना विचारूनच निर्णय घेतला, त्याचे नाव लिहा आणि काय केले तेही लिहा. जेथे उणीव जाणवली तेथे ती शांतपणे लिहा. वॉर्डात त्याच्यावर ओरडल्याने तो पुढच्या रुग्णाशी अधिकच तुटक वागेल. तुमच्या दोन ओळींनी त्याला कळेल की हे वागणे कुणीतरी पाहत होते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगते : तपासायला आता सुरुवात झाली आहे, पण ती सर्वत्र नाही आणि पुरेशीही नाही. तुम्ही विचारलेला प्रश्न रुग्णालयातही विचारत राहा. तुमचे सासरे आता घरी आहेत आणि औषधांच्या दोन याद्यांत मेळ बसत नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. दोन्ही याद्या घेऊन याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. पुढच्या अंकाची वाट पाहू नका. वृद्धांच्या औषधांची यादी कशी वाचावी आणि कुठे छाटावी, याविषयी मात्र पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.